मापाचं अक्षर

छपाईच्या धंद्यात ‘कुरिअर’ या अक्षराशी बहुतेकांची ओळख होते ती अपघाताची खूण म्हणून. पोस्टस्क्रिप्टच्या काळात फिल्म काढायला धाडलेल्या फाइलसोबत एखादा फॉन्ट गेला नाही, तर यंत्र त्याच्या जागी कुरिअर बसवून मोकळं होई. मराठी कामात हा प्रकार अधिकच बोचायचा, कारण युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवून बनवलेले असत. फॉन्ट हरवला की आतली रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं उघडी पडत, आणि कथेच्या पानावर अर्थशून्य इंग्रजी अक्षरांची रांग उमटे, तीही टाइपरायटरच्या वळणाची. डीटीपी करणाऱ्या एका अख्ख्या पिढीच्या मनात हे अक्षर त्यामुळे बदली कामगाराच्या योग्यतेचं होऊन बसलं. कुणी नसेल तेव्हा उभं राहणारं, आणि दिसलं की काहीतरी बिघडलंय हे सांगणारं. मुद्रणपूर्व काम, मुद्रितशोधन आणि संगणकविषयक पुस्तकांची मांडणी अशा तिन्ही अंगांनी या अक्षराशी रोजचा संबंध येत गेल्यावर मला मात्र त्याची योग्यता वेगळ्या ठिकाणी दिसू लागली. सर्व अक्षरांना सारखीच रुंदी देणारं, जाड पट्टीचे पाय असलेलं हे वळण वाचकासाठी घडलेलं नाही. मजकूर मोजणारा, तपासणारा आणि दुरुस्त करणारा माणूस हा त्याचा खरा धनी. त्या माणसाच्या गरजेने त्याची पारख केली तर त्याच्या बहुतेक ‘दोषां’चा हिशेब लागतो, आणि ते कुठे वापरू नये हेही नेमकं कळतं.

आधी रचनेकडे पाहू. छापील पुस्तकातल्या रोमन अक्षरांत लहान आय आणि लहान एल हे अगदी सडपातळ असतात, एम आणि डब्ल्यू ऐसपैस. समान रुंदीच्या घरात या सगळ्यांना बसवायचं म्हणजे सडपातळांना फुगवणं आणि ऐसपैसांना आवळणं आलं. फुगवायचं कसं, तर आयच्या मधल्या दांड्याला रुंद करून चालत नाही. तो एकटाच जाड दिसेल. तिथे पायाची आडवी पट्टी कामी येते. आय, एल, जे, आर या अक्षरांच्या पायाशी किंवा माथ्याशी लांब सपाट पट्ट्या दिल्या की दांडा बारीकच राहतो, पण घर भरतं. एमचं उलट. त्याचे तीन दांडे इतके जवळ येतात की पायाच्या पट्ट्या आखडत्या घ्याव्या लागतात, नाहीतर तळाशी काळा ठिपका जमतो. म्हणजे पायाची ही पट्टी (स्लॅब सेरिफ) इथे सजावट उरत नाही. ज्या अक्षरांच्या भोवती पोकळी पडते तिथे ती लांबते, गर्दी होते तिथे आखडते. समान रुंदी आणि पट्टीचे पाय यांची जोडी इतकी टिकली ती यामुळे. पायांशिवायची समान रुंदीची अक्षरं आहेत, पुष्कळ आहेत, पण त्यांतही आय, एल आणि आकड्यातल्या एकला बहुधा पट्ट्या चिकटवलेल्या आढळतात. २०१७ साली आलेल्या आयबीएम प्लेक्स मोनोमध्ये ही तडजोड स्वच्छ दिसते.

या रचनेचं पहिलं कारण अर्थातच यंत्र होतं. टाइपरायटरची गाडी दात्यांच्या पट्टीवर चालते. कोणतीही कळ दाबा, गाडी एकच दात पुढे सरकते. कळीवरचं अक्षर बारीक आहे की रुंद, हे त्या दात्याला ठाऊक नसतं. अक्षर कागदावर पडतं ते शाईच्या फितीतून, आणि फितीचा धागा त्याची कड थोडी पसरवतो. बारीक-जाड रेषांचा खेळ त्या पसरण्यात टिकत नाही, म्हणून रेषा सगळीकडे एकाच जाडीची. हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकाच्या मध्याला आयबीएमसाठी कुरिअर रेखाटलं ते या सगळ्या अटींच्या आत राहून. आयबीएमने त्या वळणावर एकट्याचा हक्क ठेवला नाही, त्यामुळे पुढे टाइपरायटर बनवणाऱ्या सगळ्यांनीच ते उचललं आणि तेच कचेरीतल्या कागदाचं सर्वमान्य रूप ठरलं. संगणकावर येताना मात्र एक गफलत झाली. विंडोजसोबत घरोघरी पोचलेल्या कुरिअर न्यूमध्ये टाइपरायटरच्या धातूच्या अक्षराची जाडी तशीच घेतली गेली. फितीने आणि ठोक्याने कागदावर जी भर पडायची ती हिशेबात धरली गेली नाही. लेझर प्रिंटरवर ते अक्षर काटकुळं, फिकट उमटतं. कुरिअर वाईट दिसतं असं म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांनी हे फितीविना उमटलेलं कुरिअरच पाहिलेलं असतं.

यंत्राची सक्ती हे कारण मी पहिलं म्हटलं, एकमेव म्हटलं नाही. ते एकमेव असतं तर सक्ती संपताच हे अक्षरही संपायला हवं होतं. सक्ती बऱ्यापैकी लवकर संपलीही होती. आयबीएमनेच १९४४ साली एक्झिक्युटिव्ह नावाचं विजेवर चालणारं यंत्र विकायला काढलं, ज्यात अक्षरांना दोन ते पाच एककांपर्यंत वेगवेगळी रुंदी मिळे. त्याचं पत्र छापील पानासारखं दिसायचं. कुरिअर त्यानंतर दहा वर्षांनी जन्मलं, म्हणजे सुंदर पर्याय हाताशी असताना. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. एक्झिक्युटिव्हवर चूक झाली की मागे जाताना खोडायच्या प्रत्येक अक्षराची एककं टायपिस्टला आठवावी लागत. आय दोनचा, एम पाचचा. एक शब्द बदलायचा तर नव्या शब्दाची एककं जुन्याशी जुळायला हवीत, नाहीतर ओळ फाटते. समान रुंदीच्या यंत्रावर तीन अक्षरं चुकली तर तीन वेळा मागे जायचं, बस. मोठ्या साहेबाच्या सहीचं शेवटचं पत्र एक्झिक्युटिव्हवर निघे आणि त्याआधीचे सगळे मसुदे साध्या यंत्रावर, ही विभागणी मला फार बोलकी वाटते. मजकूर पक्का झाल्यावर वाचणाऱ्याचं राज्य. पक्का होईपर्यंत हात फिरवणाऱ्याचं.

मोजण्याची सोय हा याचा पुढचा भाग. बारा पॉइंटच्या कुरिअरमध्ये अक्षराची रुंदी पॉइंट-मापाच्या सहा दशांश पट, म्हणजे ७.२ पॉइंट, एका इंचात बरोबर १० अक्षरं. इंचात सहा ओळी. पट्टी न लावता, नुसत्या समासावरून पानात किती मजकूर आहे ते सांगता येतं. छापील पुस्तकाचे फर्मे किती होतील याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाला टंकलिखित हस्तलिखित आवडायचं ते याच कारणाने. हाताने लिहिलेल्या प्रतीवरून तोच अंदाज बांधणं म्हणजे जुगार. जर्मनीत या सोयीला व्यवहाराचं रूप आलं. तिथे ‘नॉर्मजाइटं’ नावाचं प्रमाण पान आहे, ३० ओळींचं आणि ओळीत ६० घरांचं, आणि पुस्तकांच्या अनुवादकांचं मानधन त्या पानाने ठरवण्याची रूढी आहे. अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयांच्या नियमांत तर या अक्षराची वेगळी नोंदच आहे. युक्तिवादाची लेखी कैफियत शब्दसंख्येने मोजायची तर १३,००० शब्द. पण समान रुंदीचं अक्षर वापरलं असेल तर १,३०० ओळी मोजूनही चालतं. आणि त्या अक्षरावरही अट अशी की इंचात साडेदहापेक्षा जास्त अक्षरं बसता कामा नयेत. ओळ हे माप फक्त याच अक्षरात स्थिर राहतं, हे कायद्याने मान्य केलेलं आहे.

चित्रपटाच्या पटकथेत हे माप सर्वांत खोलवर रुजलं. हॉलिवूडची पटकथा बारा पॉइंटच्या कुरिअरमध्येच लिहितात आणि एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असं धरतात. यावर नेहमीचा आक्षेप असा की हे समीकरण खोटं आहे. मारामारीच्या दोन ओळी पाच मिनिटं चालतात आणि खटकेबाज संवादांचं पान अर्ध्या मिनिटात संपतं. आक्षेप एका पानापुरता खरा आहे. पण निर्माता एक पान मोजत नाही, शंभर-सव्वाशे पानं मोजतो, आणि तेवढ्यात ही कमीजास्त बरीचशी एकमेकांत फिटते. शिवाय चूक असली तरी सगळ्यांची सारखीच चूक असते, आणि दोन पटकथांची तुलना करायला एवढं पुरतं. चित्रीकरणाचं वेळापत्रक आखणारा सहायक प्रत्येक दृश्य पानाच्या आठव्या भागांत मोजतो: हे दृश्य तीन अष्टमांश, ते एक पान आणि दोन अष्टमांश. लेखकाने अक्षर बदललं की त्या अष्टमांशांचा अर्थच जातो. म्हणूनच पटकथाकार जॉन ऑगस्ट यांच्यासाठी अ‍ॅलन डेग-ग्रीन यांनी २०१३ साली ‘कुरिअर प्राइम’ बनवलं तेव्हा रेषा भरदार केल्या, तिरक्या वळणाची अक्षरं नुसती कलती न ठेवता नव्याने रेखाटली, पण रुंदी आणि ओळींचा हिशेब हलू दिला नाही. मुंबईतही पटकथेच्या सॉफ्टवेअरमुळे हाच साचा आला, आणि हिंदी संवाद रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत रुळली. देवनागरीत संवाद टाकले की ओळीची उंची बदलते, रुंदी बदलते आणि मिनिटाचा हिशेब कोलमडतो. रोमन हिंदीबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी लेखकांच्या इंग्रजाळलेपणासोबत हे तांत्रिक कारणही ध्यानात घ्यावं. अर्थात त्याने संवादाचं नुकसान होत नाही असं नव्हे.

तपासणाऱ्याचा आणखी एक प्रकार म्हणजे संशय घेणारा. दस्तऐवजांची शहानिशा करणाऱ्या तज्ज्ञांकडे बारीक चौकटी आखलेली पारदर्शक पट्टी असते. टंकलिखित कागदावर ती ठेवली की प्रत्येक अक्षर आपापल्या घरात दिसायला हवं. कागद यंत्रातून काढून, पुन्हा चढवून, मागाहून एखादा शून्य वाढवला असेल तर तो केसभर तरी घराबाहेर पडतो. माणसाच्या हाताने कागद पुन्हा तंतोतंत त्याच जागी चढत नाही. अक्षरांची रुंदी वेगवेगळी असती तर चौकट आखायची कशावरून? याचीच उलट बाजू २००४ मध्ये अमेरिकेत दिसली. जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्डमधल्या नोकरीविषयी १९७२-७३ ची म्हणून काही टिपणं सीबीएस वाहिनीने दाखवली. त्यांतली अक्षरं एकसारख्या रुंदीची नव्हती, हाच त्यांच्यावरच्या शंकेचा एक मुख्य मुद्दा ठरला. वेगळ्या रुंदीची यंत्रं त्या काळी अस्तित्वात होती हे खरं, पण लष्करी कचेरीतल्या रोजच्या टिपणासाठी ती वापरली जात असतील हे लोकांना पटेना. पंधरवड्याच्या आत वाहिनीला कागद खरे असल्याचं सिद्ध करता येत नाही असं सांगावं लागलं.

संगणकाच्या आज्ञावलीत हे माप अजून जिवंत आहे, आणि तिथे त्याची मुळं टाइपरायटरइतकीच जुन्या पंचकार्डात आहेत. १९२८ पासूनच्या आयबीएमच्या कार्डावर ८० स्तंभ. फोरट्रान भाषेत पहिले पाच स्तंभ क्रमांकासाठी, सहावा मागची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, सात ते बहात्तर आज्ञेसाठी. एक अक्षर एक घर सरकलं तर अर्थ बदलू शकायचा. कार्डं गेली, पण पायथॉनच्या लेखनसंकेतात ओळीची मर्यादा ७९ अक्षरांची आहे आणि त्या भाषेत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा अर्थाचाच भाग आहे. संगणकाच्या पुस्तकांची मांडणी करताना हे सतत जाणवतं. आज्ञावलीचा तुकडा पुस्तकी अक्षरात जुळवला तर तो दिसतो छान, पण मोकळ्या जागा आकसतात, एकाखाली एक यायला हवेत ते कंस सरकतात, आणि लहान एल, मोठा आय व आकडा एक यांच्यातला फरक पुसट होतो. पट्टीचे पाय असलेल्या अक्षरांत हे तिन्ही वेगळे ठेवायला जागा मिळते. गंमत म्हणजे जुन्या कित्येक टाइपरायटरांवर एकचा आकडाच नसे, लहान एल वापरून भागवत. ज्या वळणाने एके काळी दोघांना एक मानलं त्यालाच आज दोघांना वेगळं ठेवायचं काम आहे. ओ आणि शून्य यांची भानगड मात्र कुरिअरनेही नीट सोडवलेली नाही. शून्यात ठिपका किंवा तिरकी रेघ घालणारी नंतरची वळणं त्याबाबतीत सरस.

आता वाचनाच्या वेगाचा आक्षेप. समान रुंदीचं अक्षर वाचायला जड आहे, जागाही सव्वा ते दीडपट खातं, मग त्याचा आग्रह का? पडद्यावरच्या आणि कागदावरच्या वाचनाचे जे प्रयोग झाले त्यांचा कल नेहमीच्या आकारात वेगवेगळ्या रुंदीच्या अक्षरांकडेच झुकतो, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच विषयावरच्या १९९० च्या एका अभ्यासात एक बारकावा निघाला होता. अक्षर इतकं लहान असेल की डोळ्याची ताकद संपत आली आहे, तेव्हा समान रुंदीचं अक्षर अधिक चांगलं वाचता येतं, कारण त्यात अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. सरावलेला वाचक शब्दाचा आकार पाहून पुढे जातो; लहान अक्षरांशी झगडणारा एकेक अक्षर वेचतो. मुद्रितशोधकाला मुद्दाम त्या दुसऱ्या वाचकासारखं वागावं लागतं. त्याचा डोळा शब्दाच्या आकारावर विसंबला की चूक निसटते. जे अक्षर वाचनाला किंचित अडवतं आणि प्रत्येक अक्षर सुटं दाखवतं, ते त्याच्या कामाला बाधक नाही. गवंडी ओळंबा वापरतो, भिंत उभी राहिल्यावर तो दिवाणखान्यात टांगत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००४ मध्ये आपल्या कागदपत्रांसाठी कुरिअर न्यू सोडून टाइम्स न्यू रोमन घेतलं. ते कागद बव्हंशी वाचण्यासाठी होते, तेव्हा तो निर्णय मला रास्तच वाटतो.

मोजायला आता संगणक आहे, हा आक्षेप त्याहून वजनदार आहे. शब्दसंख्या एका कळीवर मिळते, न्यायालयंही ती मान्य करतात, आणि जर्मन अनुवादकांचं प्रमाण पानही पुष्कळदा अक्षरसंख्येवरून काढलं जातं. जिथे फक्त एकूण किती हे हवं आहे तिथे या अक्षराची गरज संपली, हे मी बिनतक्रार मान्य करेन. पण मोजणं म्हणजे एकूण बेरीज एवढंच नसतं. बँकांच्या आणि सरकारी खात्यांच्या जुन्या धारिका अजून ठरावीक रुंदीच्या रकान्यांत येतात. रक्कम अमुक घरापासून तमुक घरापर्यंत. तिथे एक ओळ एका घराने घसरली तर बेरजेचं यंत्र निमूट चुकीची रक्कम उचलतं, आणि समान रुंदीच्या अक्षरात तीच घसरण शंभर ओळींमध्ये एका नजरेत उठून दिसते. डीएनएच्या दोन साखळ्या एकाखाली एक ठेवून कुठलं अक्षर बदललं ते पाहणाऱ्यांचंही तसंच. संगणक किती ते सांगतो; कुठे ते डोळ्याला दिसावं लागतं. या सगळ्यात ज्यांना माप नको आहे, फक्त जुनेपणाचा वास हवा आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण त्यांनी अमेरिकन टाइपरायटरसारखं वळण घ्यावं. १९७४ सालचं ते अक्षर रुंदीने असमानच आहे, टाइपरायटरचा फक्त चेहरा त्याने ठेवला. लग्नपत्रिका, कॉफीची दुकानं, गुन्हेकथांच्या मालिकांच्या श्रेयनामावल्या, सगळीकडे ते शोभतं. डाग पाडलेली, कडा कुरतडलेली टाइपरायटरी अक्षरं मात्र मला सोसत नाहीत. यंत्र नीट साफ ठेवणाऱ्या टायपिस्टांचा तो अपमान आहे.

मराठीपुरता सर्वांत गंभीर प्रश्न वेगळाच आहे: देवनागरीला हे माप लागू पडतं का? टाइपरायटरने ते लागू करून पाहिलं. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर काढला आणि पुढे देवनागरी यंत्रं कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचली; मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाची प्रमाणपत्रं हा लिपिकाच्या नोकरीचा परवाना होऊन बसला. रोमन लिपीसाठी घडलेल्या त्या सांगाड्यात देवनागरी बसवताना अक्षरांचे तुकडे करावे लागले. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर ख, घ, थ, ध, भ, ण, श, ष ही अक्षरं अर्धं अक्षर आणि काना अशी दोन ठोक्यांत उमटतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. मात्रा, उकार, अनुस्वार यांच्या कळांनी गाडी पुढे सरकत नाही. म्हणजे घर होतं, पण एका घरात एक अक्षर हे नातं उरलं नाही. ‘क’ एका घराचा, ‘कु’ एका घराचा, ‘का’ दोन घरांचा, ‘भ’ही दोनच घरांचा. मोजले जायचे ते ठोके, अक्षरं नव्हेत. लिपीच यंत्राजोगी करावी म्हणून सावरकरांनी मांडलेली ‘अ’ची बाराखडी आणि तिच्या आगेमागे झालेल्या लिपिसुधारणेच्या चर्चा या ताणातूनच आल्या होत्या.

एक गोष्ट मात्र देवनागरीला अनुकूल होती, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही असं मला वाटतं. रोमनमध्ये सडपातळ अक्षराभोवतीची पोकळी पायाची पट्टी भरून काढते. देवनागरीत तेच काम शिरोरेघ आयतं करते. ‘र’ कितीही अरुंद असो, त्याची शिरोरेघ घराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढली की ओळ अखंड राहते. एकट्या कान्यालाही माथ्यावर ही रेघ मिळते. समान रुंदीच्या रोमनमधली सर्वांत अवघड अडचण इथे लिपीच्या घडणीनेच निम्मी सोडवलेली आहे. उरलेली निम्मी मात्र चिवट. संगणकाच्या काळ्या पडद्यावर, जिथे आज्ञा टंकतात, तिथे घरं मोजण्याचा रूढ नियम असा की काना आणि वेलांट्यांना एक घर, उकार आणि मात्रांना शून्य. जोडाक्षर किती आकसतं याची त्या नियमाला दखल नाही. ‘स्त्री’ या एका अक्षराला तो चार घरं देतो: स, त, र आणि दुसरी वेलांटी. अक्षर उमटतं तेवढी जागा न घेता, आणि पुढे एक तर भगदाड पडतं किंवा पुढचं अक्षर त्याच्यावर चढतं. हा दोष सुधारता येईल, तसे प्रयत्नही होतात, पण ‘ट’ आणि ‘स्त्री’ यांना एकाच मापाच्या घरात कोंबणारं वळण सुंदर तर नसेलच, उपयोगाचंही नसेल.

इथे मला आदर्श म्हणून कुरिअरऐवजी तो जुना एक्झिक्युटिव्ह आठवतो. दोन ते पाच एककं, म्हणजे मोजक्या, ठरलेल्या, एकमेकांशी पूर्णांकात जुळणाऱ्या रुंद्या. २०१७ मध्ये आयए रायटर या लेखन-सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी प्लेक्स मोनो घेऊन त्यात एम आणि डब्ल्यू यांना दीडपट घर दिलं, बाकीच्यांना एक. मसुदा लिहिण्याचा मोकळेपणा राहिला आणि आवळलेला एम सुटला. देवनागरीत काना अर्ध्या घराचा, ‘र’ एका घराचा, ‘क’ आणि ‘भ’ दीड घराचे, जोडाक्षरं दोन घरांची, अशी विभागणी करून मसुद्याचं अक्षर घडवता येण्यासारखं आहे. ते चौकटीत बसेल आणि अंगावरही येणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मराठी तपासणाऱ्याचा डोळा आडव्या रेषेत फारसा फसतच नाही. आमच्या चुका अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी असतात: ऱ्हस्व-दीर्घ उकार, सुटलेला अनुस्वार, चुकीच्या अक्षरावर बसलेला रफार. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ख’ आणि सुटे ‘र’-‘व’. इंग्रजी मुद्रितशोधकाला समान रुंदी जे देते ते मराठी मुद्रितशोधकाला द्यायचं तर ओळीच्या वर आणि खाली प्रशस्त, ठरावीक उंचीची जागा हवी, उकार ठसठशीत हवेत, आणि ‘घ’-‘ध’मधला फरक छापील वळणापेक्षा मुद्दाम ढोबळ हवा. प्रुफासाठी असं वेगळं अक्षर ठेवावं आणि मजकूर पक्का झाल्यावरच तो पुस्तकाच्या अक्षरात ओतावा, ही सूचना संगणकाच्या काळात अव्यवहार्य नाही. फॉन्ट बदलायला आता खिळे जुळवावे लागत नाहीत. पानांची संख्या बदलते हा आक्षेप त्यावर येतो, पण पानं शेवटी पाहायचीच असतात, आणि शब्दांच्या चुका पानांच्या आधी पाहिलेल्या बऱ्या.

तोवर मराठीतून संगणक शिकवणाऱ्या पुस्तकांची मांडणी करताना मला एक साधा नियम सोयीचा पडला आहे. आज्ञावली समान रुंदीच्या, पट्टीच्या पायांच्या अक्षरातच जुळवावी, आणि तिच्यातली मराठी टीप ओळीच्या शेवटी कधी लावू नये. आज्ञेच्या वर, स्वतंत्र ओळीत घ्यावी. ओळीच्या शेवटी आलेली देवनागरी घरांचा हिशेब मोडते, आणि तिच्यानंतर काही एकाखाली एक आणायचं असेल तर ते जुळत नाही. स्वतंत्र ओळीत तिला हवी तितकी रुंदी आणि उंची घेता येते. खालच्या आज्ञेची घरं जिथल्या तिथे राहतात, विद्यार्थ्याला आठवी मोकळी जागा मोजून पाहता येते, आणि ‘मूल्य’मधला दीर्घ उकारही खालच्या ओळीला न चिकटता पूर्ण दिसतो.